पोकळ अक्षरांची पाटी

अक्षराच्या डाव्या कडेची रेषा दीड मिलिमीटर जाड होती आणि उजव्या कडेची सव्वा. बाईंनी व्हर्निअर कॅलिपरने तीनदा मोजून पाहिलं. तिन्ही वेळा तेच. म्हणजे ही छपाईतली चूक नव्हती. अक्षर काढणाऱ्याने जाणूनबुजून एक कड हलकी ठेवली होती, जणू त्या बाजूने थोडा उजेड येत असावा. आत मात्र काही नव्हतं. नुसती कड, आणि कडेच्या आत कागद.

हे अक्षर एका चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेवर होतं. चर्चासत्र सांडपाण्यातल्या जड धातूंवर होतं, आणि असल्या विषयाला इतकं देखणं अक्षर मिळालेलं बाईंनी बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. चर्चासत्रात कोण काय बोललं ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही. पत्रिका मात्र त्यांनी नोंदवहीत जपून ठेवली आणि आपल्या पाटीवर अक्षर लागेल तर हेच, असं मनाशी ठरवून टाकलं. पुढे जे झालं त्याला जबाबदार कोण, असं कुणी विचारलं, तर उत्तर पाव मिलिमीटर असं आहे.

पाटी कसली, ते सांगायला हवं. बाई पाणी तपासत. विहिरीचं, नळाचं, टाकीचं, कारखान्याचं. सरांच्या प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं हेच करत होत्या. वाचनं त्या घेत, अहवाल त्या लिहीत, सही सर करत. आता बाजाराच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानाला लागून त्यांनी तळमजल्यावरची एक खोली घेतली होती. ओटा झाला होता, नळ बसले होते, तराजू आपल्या काचेच्या पेटीत जाऊन बसला होता, काचसामान धुऊन पालथं घालून ठेवलं होतं. मान्यतेचा अर्जही तयार होता. अर्जाला जोडायच्या अठरा कागदांपैकी सोळा जोडून झाले होते. सतरावा कागद म्हणजे दर्शनी भागावर लावलेल्या पाटीचं छायाचित्र. अठरावा म्हणजे सध्याची नोकरी सोडल्याचं पत्र. दोन्ही तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत दिले नाहीत तर अर्ज बाद, आणि बाद अर्ज पुन्हा तीन वर्षं करता येत नाही. बाईंचं वय बावन्न होतं. तीन वर्षांनी आपल्याला हे करावंसं वाटेल याची त्यांना खात्री नव्हती.

खरं घोडं पेंड खात होतं ते अठराव्या कागदापाशी. पण कुणी विचारलं तर बाई सांगत, "पाटीचं अडलंय."

त्याचं असं होतं, की सर सत्तरीला आले होते आणि ब्युरेटमधल्या द्रवाची कड नेमकी कोणत्या रेघेवर टेकली आहे, हे त्यांना तीन वर्षांपासून दिसत नव्हतं. हे सरांना माहीत होतं, बाईंना माहीत होतं, आणि दोघांनीही ते एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं. सर ब्युरेटसमोर वाकत, चष्मा कपाळावर चढवत आणि परीक्षकाच्या थाटात विचारत, "बाई, किती आलं?"

"बारा पूर्णांक चार, सर."

"बरोबर," असं म्हणून सर लिहून घेत. बावीस वर्षांत बाईंचं एकही वाचन त्यांनी चुकीचं ठरवलं नव्हतं. अशा माणसाला मी निघाले म्हणून कसं सांगायचं, याची पद्धत कुठल्याही प्रमाणित पुस्तिकेत दिलेली नाही.

एकदा बाईंनी धीर केला. दुपारच्या चहाला सरांच्या टेबलाशी जाऊन त्या म्हणाल्या, "सर, जरा बोलायचं होतं."

"बोला."

बाईंच्या हातात निमंत्रणपत्रिका होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली. "पाटीबद्दल."

"कुणाच्या पाटीबद्दल?"

इथे बाईंनी उत्तर द्यायला दोन सेकंद घेतले, आणि दोन सेकंद फार होतात. "मैत्रिणीच्या," त्या म्हणाल्या. "ती प्रयोगशाळा काढते आहे."

"या वयात?"

"माझ्याच वयाची आहे, सर."

"तेच म्हणतोय मी," सर म्हणाले आणि पत्रिका डोळ्यांपासून दूर धरून, मग जवळ आणून, मग पुन्हा दूर नेऊन त्यांनी खाली ठेवली. "तिला सांगा, अक्षर ठसठशीत घे म्हणावं. हे काय, नुसता सांगाडा."

त्या दिवसापासून सरांना मैत्रिणीचा नादच लागला. रोज सकाळी हात धुता धुता ते चौकशी करत. मैत्रिणीने ओव्हन कोणता घेतला? पाण्यातली वाळू काढायला काय वापरते? नवऱ्याचा पाठिंबा आहे ना? बाईंना प्रत्येक उत्तर तयार करावं लागे, आणि एकदा दिलेलं उत्तर लक्षात ठेवावं लागे. दोन आठवड्यांत सरांनी प्रश्न विचारून विचारून अशी एक मैत्रीण उभी केली, की ती बाईंना ओळखूच येईना. ती उतावळी होती, हट्टी होती, कुणाचं ऐकत नव्हती. बाईंना तिचा थोडा हेवाही वाटायला लागला.

पाटीवाला हा खराखुरा कलावंत होता, म्हणजे बुधवार म्हटलं की कुठला बुधवार हे तो सांगत नसे. पण ते अक्षर त्याने शोधून काढलं, आणि त्यासोबत अक्षराची आठ पानी नमुना पुस्तिकाही. बाईंनी ती घरी नेऊन वाचली, नव्या रसायनाची माहितीपत्रिका वाचतात तशी: शेवटच्या पानापासून, म्हणजे धोक्यांपासून. पुस्तिकेत लिहिलं होतं की हे अक्षर मोठ्या आकारातच खुलतं. पुस्तकाचं मुखपृष्ठ, कार्यक्रमपत्रिका, अत्तराच्या खोक्यावरचं नाव, एखाद्या शांत छायाचित्रावरचा एकच शब्द, हे त्याचं घर. शब्द जास्तीत जास्त तीन. पार्श्वभूमी सपाट. चारही बाजूंना अक्षराच्या उंचीइतकी मोकळी जागा. आसपास दुसरी कोणतीही बारीक रेषा नको. मजकुरासाठी कदापि वापरू नये.

पाट्यांबद्दल पुस्तिका गप्प होती. बाईंनी त्या गप्प राहण्याचा अर्थ परवानगी असा घेतला. विज्ञान शिकलेल्या माणसाने असं करू नये, हे त्यांना तेव्हाही कळत होतं.

बाकीच्या सूचना मात्र त्यांनी तंतोतंत पाळायचं ठरवलं. दिलेली सूचना तंतोतंत पाळणं हा बाईंचा गुण कामाच्या जागी नावाजला जाई आणि घरात सहन केला जाई. पाटीवर आधी 'पेयजल व सांडपाणी परीक्षण प्रयोगशाळा' असं लिहायचं होतं. 'व' सोडला तर चारच शब्द, पण लांबी आगगाडीची. तीन शब्दांत बसवायला त्यांनी सांडपाणी काढलं. मग पेयजल एकटं पडलं आणि भारदस्त वाटायला लागलं. मग परीक्षण गेलं. शेवटी एका रविवारी त्यांनी सगळं खोडून एकच शब्द ठेवला: पाणी.

"एवढंच?" पाटीवाला म्हणाला.

"एवढंच."

"बरं, मग आत निळा भरून देतो. झकास उठून दिसेल."

"आत काही नको."

"काहीच नको?"

"काहीच नको."

पाटीवाल्याने मान हलवली. "बाई, लोक म्हणतील, हा पाटीवाला काम अर्धं टाकून पळाला."

त्यातून पहिला नमुना आला तो वेगळाच. जिथे काना शिरोरेषेला मिळतो, जिथे वेलांटी वळून खाली येते, तिथे एकाची कड दुसऱ्याच्या पोटातून गेलेली. सगळं अक्षर चिमट्यांनी धरून वाळत घातल्यासारखं दिसत होतं. भरीव अक्षरात हे सांधे झाकले जातात, पोकळ अक्षरात झाकायला जागा नसते. ते सांधे एकेक करून पुसायला एक बुधवार गेला. दुसरा बुधवार गेला तो पाटीवाल्याच्या मेहुण्याच्या घरी काहीतरी होतं म्हणून.

घरी बाईंनी नमुना जेवणाच्या टेबलावर पसरला. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "सुरेख आहे हो," त्या म्हणाल्या. "रंगवायचा कधी?"

"हा असाच असतो, आई."

"असाच? मग ठीक आहे. तुमच्या शास्त्रात असेल तसं."

यजमान वीजखात्यात होते आणि त्यांचा सगळा जन्म धोक्याच्या पाट्या पाहण्यात गेला होता. "अगं, हे लांबून दिसायचं नाही," ते म्हणाले.

"किती लांबून?"

"लांबून म्हणजे लांबून."

"अंतर सांगा."

त्यांच्या संसारातली बरीच संभाषणं या अंतर सांगण्यापाशीच थांबलेली होती. यजमान हात धुवायला उठले.

पण शंका आली की ती तपासायची, ही बाईंची सवय. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्यावर पूर्ण आकाराचा नमुना लावून घेतला आणि वरच्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं. काका भूमापन कार्यालयातून निवृत्त झाले होते आणि तीस मीटरची फीत अजूनही जवळ बाळगून होते. गेल्या अकरा वर्षांत त्यांना ती वापरायला कुणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे ते टोपी घालूनच खाली आले. जिन्याच्या तोंडाशी पुठ्ठा उभा केला. गल्लीत पाच-पाच मीटरवर खडूच्या खुणा केल्या. इमारतीतल्या अकरा जणांना एकेक करून दूर पाठवलं, आणि बाई वहीत नोंदी करू लागल्या. वीस मीटरवर अकरापैकी अकरा जणांना वाचता आलं. चाळीसवर अकरा. साठवर अकरा. बाईंना समाधान वाटलं. इतका स्वच्छ निकाल त्यांना क्वचितच मिळत असे, आणि इतका स्वच्छ निकाल मिळाला की सावध व्हायचं असतं हे त्या नव्या मुलींना नेहमी सांगत.

ऐंशी मीटरवर काका स्वतः गेले. तिथून त्यांनी हात वर करून खणखणीत आवाजात सांगितलं, "पाणी!"

बाईंनी नोंद केली. मग मान वर करून पाहिलं. काकांची पाठ पुठ्ठ्याकडे होती. ते फीत गुंडाळत होते.

बाईंनी पेन बंद केलं. इमारतीतल्या प्रत्येकाने गेले तीन आठवडे ती पाटी जिन्यात, यजमानांच्या तक्रारीत ऐकली होती आणि कालपासून जेवणाच्या टेबलावर पाहिलीही होती. उत्तर आधीच ठाऊक असलेले अकरा निरीक्षक! पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अशी चूक केली असती तर बाईंनी त्याची वही शेरा न मारता परत केली असती. स्वतःच्या वहीत त्यांनी 'निष्कर्ष काढता येत नाही' असं लिहिलं आणि खाली तारीख घातली. प्रयोग नव्याने करायला अनोळखी माणसं हवी होती, आणि अनोळखी माणसांना गल्लीत ठरावीक अंतरावर उभं करण्याइतकी उमेद आता त्यांच्यात नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर अक्षर त्यांना आवडलं होतं. ते दिसत नाही, हे सिद्ध व्हायला त्यांना नको होतं.

मग परवानगी. लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून म्हणणाऱ्यांनी पाटी लावून पाहिली नसावी. पालिकेच्या खिडकीवरच्या अर्जात एक रकाना होता: 'अक्षराची जाडी, मि.मी.' बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'एकूण ६०, रेषा ४.'

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. "एकच आकडा."

"एक कसा लिहू? अक्षर पोकळ आहे."

"पोकळ म्हणजे?"

बाईंनी नमुना दाखवला. कारकुनाने तो उजेडाकडे धरला, मागून पाहिला, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही दाखवला. "नियमात किमान जाडी पंचवीस आहे," तो म्हणाला. "साठ म्हटलं तर पास, चार म्हटलं तर नापास. तुम्हीच ठरवा."

"पण दोन्ही खरं आहे."

"मॅडम," कारकून दमलेल्या आवाजात म्हणाला, "इथे दोन खऱ्यांना जागा नाही. रकाना बघा केवढा आहे."

बाईंनी खोटं लिहायला नकार दिला. मग प्रकरण मोठ्या साहेबांकडे गेलं, साहेबांनी प्रत्यक्ष नमुना मागवला, आणि बाई 'णी' हे अक्षर पुठ्ठ्यावर घेऊन बसने गेल्या. बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली ती अक्षरामुळे. ते धरून उभं राहणाऱ्या बाईकडे पाहून दोघे जण एकदम उठले. साहेबांनी शाळेच्या पट्टीने बाहेरून बाहेर मोजलं, साठ लिहिलं, शिक्का मारला, आणि आतली पोकळी सरकारदरबारी नाहीशी झाली.

पत्रा कापणारा शहराबाहेर होता. त्याला बाईंनी आराखडा दिला, दोन्ही रेषा समजावून सांगितल्या, बाहेरची आणि आतली, मधला चार मिलिमीटरचा पट्टा तेवढा हवा. त्याने तीनदा मान हलवली. चार दिवसांनी बाई गेल्या तर त्याने घासूनपुसून लखलखीत केलेली भरीव अक्षरं समोर मांडली. सुंदर होती. पण ती अक्षरांची पोटं होती.

"आणि कड?" बाईंनी विचारलं.

"ती काढून टाकली, ताई. फार किडकिडीत होती हो, हातात वाकत होती. म्हटलं, तुमचं काम खराब कशाला करा."

"ती कड म्हणजेच माझं काम होतं."

पत्रेवाल्याने बाईंकडे अशा नजरेने पाहिलं, जशी माणसं शेंगा टाकून टरफलं मागणाऱ्याकडे पाहतील. मग दोघांनी मिळून भंगाराच्या ढिगातून कड शोधली. वेलांटी सापडायला तासभर लागला, आणि सापडली तेव्हा ती तारेच्या वेटोळ्यासारखी झाली होती. घरी आणून काकांनी ती आराखड्यावर ठेवून, लाकडी हातोडीने ठोकून सरळ केली. उजव्या कडेचा तो नाजूकपणा, ती सव्वा आणि दीडमधली तफावत, या सगळ्यात कुठे गेली ते बाईंनी मोजलं नाही. कॅलिपर त्यांनी मुद्दामच प्रयोगशाळेत ठेवला होता.

उरली ती मोकळी जागा. अक्षर साडेचारशे मिलिमीटर उंच, म्हणजे चारही बाजूंना साडेचारशे. या हद्दीत विजेच्या मीटरची पेटी येत होती, एक झरोका येत होता, आणि शिंप्याची शिवलेले कपडे लटकवायची दोरी येत होती. मीटरच्या पेटीसाठी यजमानांनी आपल्याच खात्यात अर्ज केला आणि आपल्याच खात्यात फेऱ्या मारल्या. पेटी हलली, पण पंधरा दिवस ते घरी कुणाशी धड बोलले नाहीत. झरोक्याला बाईंनी भिंतीचाच राखाडी रंग दिला. शिंपी मात्र दोरी हलवेना.

"ताई, अक्षर पोकळ आहे ना तुमचं?" तो म्हणाला. "मग माझी दोरी आतून जाऊ द्या की. तुम्हाला काय त्रास?"

बाईंनी पुस्तिका काढून त्याला ते वाक्य वाचून दाखवलं, आसपास दुसरी कोणतीही बारीक रेषा नको. शिंप्याला छापील गोष्टीचा आदर होता. त्याने दोरी हलवली. त्या उपकाराखाली बाईंनी त्याच्याकडून उशांचे बारा अभ्रे शिवून घेतले. घरात उशा पाच होत्या.

शेवटी पाटी लागली. राखाडी भिंत, तिच्यावर गडद निळी कड, आत भिंतच. समोर दोन हातांवर उभं राहिलं तर इतकी सुंदर दिसत होती की बाई पाच मिनिटं तिथेच उभ्या राहिल्या. गल्लीतून माणसं येत होती, जात होती. कुणी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी एका बाईने केली. तिच्या हातात दोन मोठे डबे होते.

"इथे पाणी मिळतं का हो?"

"नाही, आम्ही तपासून देतो."

"मग तपासलेलंच द्या," ती म्हणाली आणि डबे खाली ठेवले.

तिसऱ्या दिवशी चौघे आले. चौथ्या दिवशी एकाने टँकर किती वाजता येतो ते विचारलं, आणि माहीत नाही म्हटल्यावर, बोर्ड लावायचा आणि माहिती ठेवायची नाही, असं म्हणून तो रागावून गेला. बाई दिवसभर नोकरीवर असत, त्यामुळे हे सगळे शिंप्याच्या गळ्यात पडू लागले. शिंप्याने कंटाळून एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, खडूने त्यावर बोटभर जाडीची अक्षरं काढली आणि पाटीखाली, थेट त्या साडेचारशे मिलिमीटरच्या मोकळ्या जागेत, तो लटकवला: 'इथे पाणी मिळत नाही.' हा पुठ्ठा गल्लीच्या टोकापासून वाचता येत होता. बाईंनी अंतर मोजलं नाही.

पुठ्ठा तेवढ्यापुरता काढून त्यांनी छायाचित्र घेतलं आणि सतरावा कागद जोडला. महिना संपायला चार दिवस होते. अडायला आता पाटी उरली नव्हती, आणि घरातही हे सगळ्यांना कळलं होतं. सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "सूनबाई, झाली ना पाटी?" बाई हो म्हणाल्या. पुढे सासूबाईंनी काही विचारलं नाही, आणि त्याचंच ओझं जास्त झालं.

त्या संध्याकाळी सरांनी एप्रन काढता काढता विचारलं, "लागली का मैत्रिणीची पाटी?"

"लागली, सर."

"चला, बघून येऊ. वाटेतच आहे म्हणालात ना?"

बाईंनी सांगून पाहिलं की तिथे गर्दी असते. सर म्हणाले, असू दे. बाई म्हणाल्या, मैत्रीण असेल की नाही सांगता येत नाही. सर म्हणाले, मला पाटी बघायची आहे, मैत्रीण नाही. बाईंकडे आणखी कारणं नव्हती. गेल्या दोन महिन्यांत त्या सगळी वापरून बसल्या होत्या. दोघे चालत निघाले. रस्ता ओलांडताना सरांनी बाईंच्या पिशवीचा बंद धरला, आणि पलीकडे पोचल्यावर सोडून दिला.

गल्लीत शिरल्यावर सर थांबले. "कुठं आहे?"

"समोर, सर."

"समोर भिंत आहे."

"भिंतीवर."

सर दहा पावलं पुढे गेले. मग आणखी पाच. मान वर करून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पाहिलं. "इथे पाणी मिळत नाही," त्यांनी सावकाश वाचलं. "हे छान आहे. हे ठसठशीत आहे. ही पाटी का?"

"ती शिंप्याची, सर. आपली वर आहे."

आपली हा शब्द तोंडून निसटला. सरांच्या तो लक्षात आलेला दिसला नाही. ते वर पाहत होते. तेवढ्यात शिंपी बाहेर आला. "ताई, आज उशीर केलात?"

"ओळखतो वाटतं तुम्हाला," सर म्हणाले.

"अभ्रे शिवून घेते याच्याकडे."

सर भिंतीला जवळजवळ नाक लावून उभे होते. त्यांनी हात वर करून पत्र्याची कड बोटाने चाचपली, काना, मग वेलांटीचं वळण. वेलांटीवर त्यांचं बोट थांबलं. तिथे काकांची हातोडी थोडी जास्त लागली होती. "पाणी," ते शेवटी म्हणाले. "सुबक आहे, बाई. पण हात लावल्याशिवाय कळत नाही. तुमच्या मैत्रिणीला सांगा, माणसं हात लावून पाट्या वाचत नाहीत."

"सांगते, सर."

"आणि आणखी एक सांगा तिला." सरांनी हात खाली घेतला आणि रुमालाने बोट पुसलं. "एकटीने प्रयोगशाळा चालत नाही. वाचनं घ्यायला माणूस ठेव म्हणावं. नजर चांगली असलेला, आणि तोंड बंद ठेवणारा. असा मिळत नाही सहसा. मला मिळाला म्हणून तीन वर्षं निघाली, बाई. मला ब्युरेट दिसत नाही. तुम्हाला ठाऊक आहेच."

शिंप्याचं मशीन आत खडखडत होतं आणि मग थांबलं.

"सांगायला हवं होतं मी आधीच," सर म्हणाले. "जमलं नाही. बरं, ती आहे का आत? बोलवा तिला. समोरासमोर सांगतो."

बाईंनी पिशवीतून किल्ली काढली. कुलूप उघडलं, शटर वर केलं. आतल्या ओट्यावर ब्युरेट स्टँडला लावून ठेवलेली होती. सर तिच्याकडे आणि मग बाईंच्या हातातल्या किल्लीकडे पाहत राहिले. बाईंनी किल्ली पिशवीत ठेवली नाही.

"सर," त्या म्हणाल्या, "मैत्रीण कुणी नाही. ही माझी प्रयोगशाळा आहे. एक तारखेपासून मी तुमच्याकडे येणार नाही."